लखनौच्या उन्हाचा जमाखर्च

इ. स. १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकात सर रॉबर्ट बार्कर नावाच्या सेनाधिकाऱ्याचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. त्याचा विषय होता हिंदुस्थानात बर्फ तयार करण्याची देशी रीत. ज्या अलाहाबादेस वैशाख-ज्येष्ठात लू सुटली म्हणजे भर दुपारी रस्त्यावर माणूस दिसेनासे होते, त्याच अलाहाबादेस डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत कारागीर एका रात्रीत बर्फ धरीत असत. मोकळ्या माळावर सुमारे तीस फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणावयाचे, त्यांच्या तळाशी उसाचे पाचट किंवा मक्याची वाळलेली धाटे यांचा जाड थर अंथरावयाचा, त्यावर बिनझिलईच्या मातीच्या उथळ परळांच्या रांगा मांडून सायंकाळी त्यांत उकळून निववलेले पाणी भरावयाचे, आणि सूर्य उगवण्यापूर्वी त्यांत धरलेले बर्फ काढून साठवणीच्या खड्ड्यात दाबून ठेवावयाचे, असा तो क्रम होता. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला म्हणजे बर्फ चांगले धरे. ढग आले की रात्रीची मेहनत वाया जाई. अलाहाबाद त्या वेळी अवधच्या नवाबाच्या अमलाखाली नुकतेच आले होते, आणि नवाब आसफउद्दौला याने आपली राजधानी फैजाबादेहून लखनौस हलवली तीही याच १७७५ साली.

आसपासची हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसताही परळातले पाणी गोठते कसे, हा प्रश्न त्या काळच्या पंडितांना पडला होता. पुष्कळांनी त्याचे श्रेय बाष्पीभवनाला दिले. खरे कारण विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने १८१४ साली दंवावरील आपल्या निबंधात मांडले. जगातील प्रत्येक वस्तू, ती ऊन असो की गार, आपल्या अंगची उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने अहोरात्र बाहेर टाकीत असते. शून्य अंश सेल्सिअस तपमानाचे पाणीदेखील दर चौरस मीटरमागे ३०० वॉटहून अधिक प्रारण वर फेकते, आणि हिवाळ्यातील कोरडे, निरभ्र आकाश मात्र त्याच्या मोबदल्यात त्याहून बरेच कमी परत देते. पाचटाच्या थरामुळे जमिनीची ऊब वर येऊ शकत नाही. तेव्हा ही तूट भरून निघण्याचा मार्ग उरत नाही, आणि पाणी भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होत जाते. ज्यांच्या हाती उष्णतामापकही नव्हता, त्या अलाहाबादच्या कारागिरांनी प्रारणाच्या या तुटीवर आपला धंदा उभारला होता.

सौर ऊर्जेवरील लेखाचा आरंभ बर्फाने करण्याचे प्रयोजन असे की, सूर्याकडून आपल्याला किती मिळते एवढ्याच प्रश्नावर सगळ्यांचे लक्ष खिळलेले असते, आणि मिळालेल्यापैकी किती राहते व किती निघून जाते, हा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. एखाद्या पृष्ठभागाच्या नावे सावकारी खातेवही उघडली आहे असे समजावे. जमेच्या बाजूस दोन रकमा: सूर्याकडून थेट किंवा आकाशातून विखरून येणारा लघुतरंगी प्रकाश, आणि हवेतील बाष्प, ढग व धूळ यांच्याकडून खाली येणारे दीर्घतरंगी उष्ण प्रारण. खर्चाच्या बाजूसही दोनच: पृष्ठभागाने परावर्तित केलेला प्रकाश, आणि त्याने स्वतःच्या तपमानामुळे बाहेर टाकलेले उष्ण प्रारण. जमेतून खर्च वजा जाता जी बाकी उरते, तिला शास्त्रज्ञ निव्वळ प्रारण म्हणतात. ही बाकी सूर्योदयानंतर तासाभराने अधिक होते, मध्यान्हाच्या सुमारास शिखरास पोहोचते, आणि सूर्य मावळण्यापूर्वीच, बहुधा तासभर आधी, उणे होऊन रात्रभर उणेच राहते.

उदाहरणादाखल मे महिन्यातील लखनौची एक दुपार घेऊ. आकडे सोयीसाठी गोळाबेरीज केलेले आहेत, पण वास्तवापासून दूर नाहीत. सिमेंटच्या उघड्या गच्चीवर दर चौरस मीटरला ९०० वॉट ऊन पडते; त्यापैकी ३० टक्के, म्हणजे २७० वॉट, ती परत फेकते. तापलेल्या आकाशाकडून ४३० वॉट उष्ण प्रारण खाली येते. गच्ची ६० अंशांपर्यंत तापलेली असल्यामुळे ती स्वतः सुमारे ६६० वॉट बाहेर टाकते. बाकी उरते ४०० वॉट, आणि तेवढी उष्णता काही गच्चीवरील हवेला आणि काही स्लॅबमधून खालच्या खोलीत जाते. हीच गच्ची चुन्याने पांढरी केली तर परावर्तन ७० टक्क्यांवर, म्हणजे ६३० वॉटवर जाते. गच्ची ४५ अंशांच्या वर चढत नाही असे धरले तर तिचे स्वतःचे उत्सर्जन ५५० वॉटच्या घरात येते, आणि बाकी राहते केवळ १५० वॉट. सूर्य तोच, आकाशही तेच. हिशेबातील फरक चुन्याच्या एका हाताने पडला. जुन्या लखनौतील लाखौरी विटांच्या आणि चुन्याच्या गिलाव्याच्या जाड भिंतींमागे हा हिशेब अनुभवाने मुरलेला होता. उन्हाळ्याच्या रात्री तेथील कुटुंबेच्या कुटुंबे गच्चीवर खाटा टाकून निजत ती याच कारणाने. कोरड्या, उघड्या आकाशाखाली गच्ची आपली उष्णता वर सोडून देत असते. आषाढ लागला, हवा बाष्पाने भरली, की आकाशाकडून परत येणारे प्रारण वाढते, रात्रीची तूट कमी होते, आणि तिकडे ज्याला ‘उमस’ म्हणतात तो कोंदट उकाडा सुरू होतो.

लखनौ हे शहर उत्तर अक्षांश २६ अंश ५१ कलांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटर उंचीवर वसलेले आहे. भूगोलाच्या काटेकोर व्याख्येप्रमाणे ते कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे उष्णकटिबंधात मोडत नाही, आणि सूर्य तेथे कधीही ऐन डोक्यावर येत नाही. परंतु २१ जूनच्या मध्यान्ही तो क्षितिजापासून साडेशहाऐंशी अंशांवर चढतो, म्हणजे डोक्यावर येण्यास केवळ साडेतीन अंश कमी पडतात, आणि दिवस पावणेचौदा तासांहून मोठा होतो. डिसेंबरात हेच मान चाळीस अंशांपर्यंत उतरते आणि दिवस साडेदहा तासांच्या आत येतो. नुसत्या भूमितीने हिशेब करावयाचा तर जूनमध्ये सर्वांत अधिक ऊर्जा मिळावी. प्रत्यक्षात लखनौचे आकाश भूमितीला फारसे जुमानत नाही. एप्रिल-मेमध्ये राजस्थानाकडून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर धुळीचे लोट येतात, कधी संध्याकाळी आँधी उठून अर्ध्या तासात आभाळ पिवळे होते. जूनच्या उत्तरार्धात पावसाळी ढग जमू लागतात. आणि डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत गंगेच्या मैदानावर धुक्याचे असे आवरण पसरते की, काही दिवस दुपारपर्यंत सूर्याचे बिंबच दिसत नाही. यामुळे मेमध्ये आडव्या पृष्ठभागावर दररोज चौरस मीटरमागे सहा युनिटांच्या वर ऊर्जा पडते, आणि जानेवारीत ती तीन-साडेतीन युनिटांवर येते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलेच युनिट, एक किलोवॉट-तास.

जे ऊन पडते त्याचा प्रकार कोणता, हेही तितकेच पाहावे लागते. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर सूर्यसन्मुख पृष्ठभागावर दर चौरस मीटरला १३६१ वॉट ऊर्जा पोहोचते. यालाच सौरस्थिरांक म्हणतात. वातावरणातून येताना तिचा काही अंश शोषला जातो, काही अंश हवेचे रेणू, धूळ आणि धूर यांच्यावर आदळून विखुरतो. सरळ येणारे ते थेट प्रारण, विखरून येणारे ते विसरित प्रारण. आरसे किंवा भिंगे लावून सूर्यकिरण एका बिंदूवर गोळा करणाऱ्या संयंत्रांना केवळ थेट प्रारण उपयोगी पडते. साध्या पॅनेलाला दोन्ही चालतात. लखनौसारख्या धुळकट व धुरकट मैदानी शहरात विसरित प्रारणाचा वाटा मोठा, आणि म्हणून जैसलमेरच्या वाळवंटात जे यंत्र उत्तम चालेल ते लखनौत तसेच चालेल असे मानणे चुकीचे. लखनौपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास असलेल्या कानपूर येथील आय. आय. टी.मध्ये नासाच्या सहकार्याने २००१ पासून हवेतील सूक्ष्म कणांमुळे सूर्यकिरण किती क्षीण होतात याचे मापन चालू आहे. गंगेच्या मैदानाच्या आकाशाविषयी आज जे काही निश्चितपणे सांगता येते, त्याचा बराच भाग त्या एका केंद्राच्या चिकाटीचे फळ आहे.

हे मापन करतात कसे, ते सांगताना पुण्याचा उल्लेख टाळता येत नाही. शिवाजीनगरच्या ज्या दगडी इमारतीला पुणेकर अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तेथे १९२८ साली हवामानखात्याचे मुख्यालय सिमल्याहून आले, आणि पुढे ते दिल्लीस गेल्यानंतरही हवामानयंत्रांचा विभाग पुण्यातच राहिला. या विभागात १९४८ मध्ये अ‍ॅना मणी रुजू झाल्या. त्रावणकोरातील पीरमेडे येथे १९१८ साली जन्मलेल्या, बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत माणिक व हिरे यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर काम केलेल्या, आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हवामानयंत्रांचे शिक्षण घेऊन आलेल्या या बाईंनी, परदेशातून मागवाव्या लागणाऱ्या सुमारे शंभर प्रकारच्या यंत्रांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात तयार होतील अशी तजवीज केली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. त्या केंद्रांच्या नोंदींवरून सिद्ध झालेले भारतातील सौर प्रारणाचे त्यांचे कोष्टकग्रंथ १९८० आणि १९८२ मध्ये बाहेर पडले. सौर ऊर्जा हा शब्द सरकारी कागदपत्रांत विशेष रूढ होण्यापूर्वी, या देशात नेमके ऊन किती, याचा पुरावा एका व्यक्तीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्चून गोळा केला. आपल्या शालेय पुस्तकांत त्यांचे नाव ठळकपणे असावयास हवे.

मापनाचे मुख्य यंत्र म्हणजे पायरॅनोमीटर. काचेच्या दुहेरी घुमटाखाली काळ्या लेपाची एक लहानशी चकती असते; ऊन पडले की ती तापते, आणि तिच्या व यंत्राच्या थंड बुडाच्या तपमानातील फरकामुळे तापयुग्मांच्या मालिकेत सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. तो दाब मोजला की ऊन मोजले गेले. काच लघुतरंगी प्रकाश आत सोडते आणि दीर्घतरंगी प्रारण अडवते, म्हणून हे यंत्र केवळ सूर्याचा प्रकाश मोजते. त्याच्यावर चकती किंवा कडे धरून सूर्यबिंब झाकले तर उरते विसरित प्रारण. सूर्याच्या मागोमाग फिरणाऱ्या नळीच्या तळाशी असाच संवेदक बसवला म्हणजे पायरहेलिओमीटर होतो, आणि तो थेट प्रारण मोजतो. निव्वळ प्रारणासाठी चार संवेदक एकत्र बसवतात: दोन लघुतरंगांचे, दोन दीर्घतरंगांचे, प्रत्येक जोडीतील एकाचे तोंड आकाशाकडे, दुसऱ्याचे जमिनीकडे. चार आकडे मिळाले की खातेवहीच्या चारही रकमा हाती आल्या.

वर्णन करावयास हे सोपे. प्रत्यक्षात या यंत्रांची जोपासना हे फार मोठ्या निष्ठेचे काम आहे. काचेचा घुमट रोज सकाळी मऊ कापडाने पुसावा लागतो, कारण लखनौच्या उन्हाळ्यात दोन दिवसांची धूळसुद्धा आकडा खाली ओढते आणि वाचणाऱ्याला ऊन कमी पडल्याचा भास होतो. घुमटाच्या आत दमट हवा शिरू नये म्हणून ठेवलेले सिलिका जेलचे कण रंग पालटू लागले की बदलावे लागतात. बैठक समपातळीत आहे की नाही हे बुडबुड्यावरून पाहावे लागते. हिवाळ्यात पहाटे घुमटावर दंव साचते. सूर्य झाकणारे कडे हाताने सरकवावयाचे असेल तर दर थोड्या दिवसांनी सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्याप्रमाणे त्याची जागा बदलावी लागते. गच्चीवर माकडे व कबुतरे येतात. त्यांचा बंदोबस्त निराळा. शिवाय नोंदी घड्याळाच्या वेळेने होत असल्या तरी सूर्य भारतीय प्रमाणवेळ पाळत नाही. प्रमाणवेळेचे रेखावृत्त मिर्झापूरजवळून जाते आणि लखनौ त्याच्या दीड अंश पश्चिमेस असल्यामुळे तेथील मध्यान्ह सरासरीने सहा मिनिटे उशिरा होतो. इतके करून दोन-एक वर्षांनी यंत्राचे अंशशोधन करावे लागते. पुण्याची प्रयोगशाळा स्वतःची प्रमाणयंत्रे स्वित्झर्लंडमधील दावोस येथील जागतिक केंद्राच्या प्रमाणाशी जुळवून घेते, आणि देशातील इतर यंत्रे मग पुण्याच्या प्रमाणाशी जुळवली जातात. लखनौतील एखाद्या गच्चीवरचा आकडा दावोसच्या पर्वतावरील आकड्याशी अशा रीतीने बांधलेला असतो. ही साखळी कोठे तुटली तर आकडा नुसता आकडा राहतो, माप राहत नाही.

अशी यंत्रे प्रत्येक ठिकाणी ठेवणे शक्य नाही, म्हणून अनुमानाच्या वाटा शोधण्यात आल्या. सर्वांत जुनी वाट सूर्यप्रकाशाच्या तासांची. काचेच्या भरीव गोलाने ऊन एकत्र होऊन मागील पुठ्ठ्याच्या पट्टीवर जळकी रेघ उमटते. त्या रेघेची लांबी म्हणजे त्या दिवशी सूर्य किती तास तळपला याची नोंद. दिवसाच्या एकूण लांबीशी या तासांचे जे प्रमाण पडते, त्यावरून प्रारण काढण्याचे सूत्र स्वीडनच्या आंगस्ट्रॉम यांनी १९२४ साली दिले आणि प्रेस्कॉट यांनी १९४० मध्ये त्याला आजचे रूप दिले. त्यातील दोन स्थिरांक मात्र प्रत्येक गावचे वेगळे. ते प्रत्यक्ष मापनावाचून ठरत नाहीत. लखनौत सीतापूर रस्त्यावरील इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजीतील पांडेय आणि कटियार या अभ्यासकांनी तिरप्या पृष्ठभागांवर पडणारे विसरित प्रारण प्रत्यक्ष मोजून, परदेशात बांधलेली सूत्रे तेथील आकाशाला कितपत लागू पडतात हे तपासले आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केले. पॅनेल नेहमी तिरपेच बसवतात, लखनौत साधारण सव्वीस अंशांच्या उतारावर दक्षिणाभिमुख. तेव्हा अशा मापनाचे मोल व्यवहारातही मोठे आहे. दुसरी वाट उपग्रहाची. इन्सॅट मालिकेतील उपग्रह ३६,००० किलोमीटरवरून ढगांचे चित्र घेतात आणि त्यावरून जमिनीवरील ऊन काढता येते. मोठ्या प्रदेशाचा नकाशा करावयास हे साधन उत्तम आहे, परंतु जमिनीलगतचे धुके आणि धूर ओळखण्यात त्याची कसोटी लागते, आणि लखनौचे हिवाळी प्रारण नेमके त्यांच्यावरच अवलंबून असते. केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०११ साली चेन्नईच्या एका संस्थेमार्फत देशात ५१ स्वयंचलित केंद्रे उभारून पुढे त्यांत भर घातली, ती याच जाणिवेतून.

अनुमानावर विसंबू नये याचे आणखी एक कारण आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील पद्मा कुमारी, लोंढे, डॅनियल आणि जाधव यांनी हवामानखात्याच्या बारा केंद्रांच्या १९८१ ते २००४ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा जमिनीवर पोहोचणारे ऊन दरवर्षी सरासरीने चौरस मीटरमागे ०.८६ वॉटने घटत असल्याचे आढळले. त्यानंतर १९८८ ते २०१८ या काळातील वीस केंद्रांच्या नोंदींवर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उत्तरेच्या मैदानात सूर्यप्रकाशाचे तास दरवर्षी सुमारे तेराने कमी होत गेल्याचे दिसून आले. सूर्य मंदावलेला नाही. धूर, धूळ आणि ढग वाढले. वीस वर्षांपूर्वीचे कोष्टक हाती घेऊन आज बसवलेल्या पॅनेलाचा पंचवीस वर्षांचा हिशेब मांडणे यामुळे धोक्याचे ठरते. आणि उलट हवा सुधारली तर ऊनही वाढेल, हा आशेचा भागही याच नोंदींतून सिद्ध होतो. हवेची शुद्धता आणि सौर वीज हे दोन निरनिराळ्या खात्यांचे विषय मानण्याची जी सरकारी वहिवाट आहे, ती मला मुळीच पटत नाही.

आता पॅनेलाकडे वळू. त्याची कार्यशक्ती ठरवतात ती १००० वॉट प्रारणात आणि २५ अंश तपमानात. लखनौत मेच्या दुपारी पॅनेलातील घट ६५ अंशांपर्यंत तापतात, आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने घटते. म्हणजे ऊन भरपूर असताना सोळा टक्के वीज केवळ उष्णतेने बुडते. पॅनेल किती तापेल हे त्यावर पडणाऱ्या उन्हाइतकेच त्याच्या निव्वळ बाकीवर, म्हणजे ते आकाशाकडे किती उष्णता सोडू शकते आणि खालची गच्ची त्याला किती उष्णता देते यावर, आणि वाऱ्यावर ठरते. खाली हात-दीड हात मोकळी जागा ठेवून वारा खेळता राहिला आणि गच्ची पांढरी असली तर तेच पॅनेल अधिक वीज देते. पाणी तापवणाऱ्या सौरबंबाचे तर सारे शास्त्र निव्वळ प्रारणाचेच आहे: काच ऊन आत घेते, तापलेल्या पत्र्याचे दीर्घतरंग बाहेर जाऊ देत नाही, आणि खर्चाची एक रक्कम जवळजवळ खोडून टाकते. धुळीचा प्रश्न याहून साधा आणि याहून दुर्लक्षित. आय. आय. टी. गांधीनगर आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ यांच्या २०१७ च्या अभ्यासात, काही आठवडे न पुसलेली पॅनेले स्वच्छ करताच उत्पादन जवळपास निम्म्याने वाढल्याचे आढळले होते.

विक्रेते एका किलोवॉटला दिवसाकाठी चार युनिटे असा सरसकट दर सांगतात. वर्षाची सरासरी म्हणून तो अगदी खोटा नाही. परंतु कर्ज काढून तीन किलोवॉटचे संयंत्र बसवणाऱ्या गृहस्थाला जानेवारीच्या धुक्यात हातात काय पडेल, हे आधी कळले पाहिजे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक कोटी घरांवर संयंत्रे बसवण्याचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. तीन किलोवॉटला ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान मिळते. उत्तर प्रदेशाच्या २०२२ च्या सौर धोरणात पाच वर्षांत २२,००० मेगावॉटचे लक्ष्य ठेवले आहे आणि त्याची अंमलबजावणी करणारी ‘यूपीनेडा’ ही संस्था लखनौच्याच गोमतीनगरात आहे. एवढा पैसा ज्या उन्हाच्या भरवशावर गुंतत आहे, त्या उन्हाची मोजणी शहराच्या आत, मोहल्ल्यामोहल्ल्यांत होणे हे त्या खर्चाच्या मानाने अत्यंत किरकोळ काम आहे.

मोजणे आणि मोजलेले टिकवणे या मात्र दोन गोष्टी आहेत, आणि याचा धडा लखनौच्याच इतिहासात आहे. नवाब नसीरुद्दीन हैदर याने १८३१ साली कॅप्टन हर्बर्ट याची नेमणूक करून शाही वेधशाळेचा पाया घातला. हर्बर्टच्या मृत्यूनंतर कर्नल रिचर्ड विल्कॉक्स याने ती पुरी केली. ट्रॉटन अँड सिम्स या लंडनच्या नामांकित कारखान्याची यंत्रे तिच्यात होती, आणि ‘तारेवाली कोठी’ या नावाने ती शहरात प्रसिद्ध झाली. विल्कॉक्स १८४८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी वाजिद अली शाहने वेधशाळा बंद करण्याचा हुकूम दिला. १८५७ च्या धामधुमीत यंत्रे गेली. इमारत उभी राहिली, आणि आज तीत स्टेट बँकेची शाखा आहे. परंतु तेथील वेधांच्या नोंदी छापून प्रसिद्ध झाल्या नाहीत, आणि इतक्या रात्रींचे कष्ट पुढील पिढ्यांच्या हाती लागले नाहीत. याउलट, त्याच शहरात कैसरबागेत १९२६ मध्ये मॅरिस संगीत कॉलेज स्थापन करणाऱ्या विष्णू नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून गोळा केलेल्या चिजा स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या, म्हणून त्या आज कोणाही विद्यार्थ्याला उपलब्ध आहेत.

माझी सूचना साधी आहे. चौकसारखी दाट जुनी वस्ती, गोमतीनगरसारखी नवी वसाहत, कुकरैलच्या वनाची कड आणि अमौसीच्या विमानतळाजवळचे मोकळे मैदान अशा चार जागी चार संवेदकांची निव्वळ प्रारणमापके बसवावीत. त्यांची निगा विद्यापीठातील व तंत्रमहाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडे, वेतन देऊन, सोपवावी. अंशशोधनासाठी यंत्रे नियमाने पुण्यास पाठवावीत. आणि मिनिटामिनिटाच्या नोंदी कोणाही नागरिकाला विनामूल्य पाहता येतील अशा दफ्तरात ठेवाव्यात. दहा वर्षे हे काम खंड न पडता चालले तर बँकेला कर्जाचा, नगर निगमाला छपरांच्या रंगाचा आणि वीजमंडळाला हिवाळ्यातील तुटवड्याचा हिशेब खात्रीने मांडता येईल. नागपूर, अकोला, चंद्रपूर ही आपल्याकडची तापणारी शहरे आहेत. तेथील महापालिकांनीही लखनौची वाट न पाहता ही दरखास्त आपल्या अंदाजपत्रकात घालावी. आणि ज्या वाचकाच्या गच्चीवर पॅनेल बसणार आहे, त्याने विक्रेत्याकडून वार्षिक सरासरीवर समाधान न मानता बारा महिन्यांचे बारा आकडे लेखी मागून घ्यावेत, आणि ते कोणत्या केंद्राच्या, कोणत्या वर्षांच्या मापनावरून काढले आहेत, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.